वापरले, परत ठेवले, मग गुन्हा कसला?

"खाल्ले थोडेच, वापरले! गणपतीच्या आधी परत ठेवणारच होतो."

लालबाग-परळच्या चाळीत वाढलेल्यांना हे वाक्य नवं नाही. वर्गणीचे पैसे खजिनदाराने मुलाच्या ॲडमिशनला भरले, महिन्याभराने परत ठेवले, विषय मिटला. बसलेल्यांपैकी दोन-चार काका "जाऊ दे रे, आपलाच माणूस आहे" म्हणतात. मला खजिनदारापेक्षा या काकांचा जास्त राग येतो.

कारण कायदा हे ऐकून घेत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ मध्ये साफ म्हटलंय की अप्रामाणिकपणे केलेला अपहार तेवढ्यापुरता असला तरी तो अपहारच. १८६० च्या दंड संहितेतही (कलम ४०३) हेच होतं. तिथलं उदाहरण तर मासलेवाईक आहे: एकाला दुसऱ्याची सरकारी वचनचिठ्ठी (सरकारने पैसे द्यायचं लिहून दिलेला कागद) सापडते. कोणाची आहे हे ठाऊक असून तो ती सावकारी पेढीवर गहाण टाकतो, पुढेमागे मालकाला परत करायच्या इराद्याने. तरी गुन्हा. आणि ती वस्तू सापडलेली नसून विश्वासाने हवाली केलेली असेल, तर फौजदारी विश्वासघाताचं कलम ३१६ लागतं. या गुन्ह्याला जुन्या दंड संहितेत तीन वर्षांपर्यंत कैद होती, १ जुलै २०२४ ला न्याय संहिता लागू झाल्यापासून पाच.

आता दुसरी बाजू. हातउसने दिलेले पैसे बुडाले की लोक थेट पोलीस ठाण्यात जातात, साहेब "हे दिवाणी आहे, कोर्टात जा" म्हणाले की बाहेर येऊन त्यांच्या नावाने शंख करतात. बऱ्याचदा साहेबांचं बरोबर असतं. उसने दिलेले पैसे घेणाऱ्याचे झाले, ते त्याने कुठेही उडवावेत. तुमचं उरतं ते फक्त येणं. (मुळात थाप मारूनच घेतले असतील तर ती फसवणूक, ते प्रकरण वेगळं.) झवेरी बाजारात सराफ कारागिराला बांगड्या घडवायला सोनं वजन करून देतो, तेव्हा मात्र ते सोनं सराफाचंच राहतं. कारागिराने ते वितळवून परस्पर विकलं की तो थेट फौजदारीत.

साहेब चुकतात ते सुनेच्या दागिन्यांपाशी. सासूबाईंनी "माझ्या कपाटात राहू देत" म्हणून ठेवून घेतलेलं स्त्रीधन मागितल्यावर मिळत नाही, आणि ठाण्यात ऐकायला मिळतं, "घरातलं घरात मिटवा." सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच, प्रतिभा राणी खटल्यात, सांगून टाकलंय की स्त्रीधन तिचंच, सासरच्यांकडे ते फक्त सोपवलेलं असतं, आणि लग्न झालं म्हणून त्यावर सामाईक मालकी येत नाही. चाळीस वर्षं झाली. अजून किती समजावायचं?

म्हणून पैसे देताना भावाला का होईना, एक व्हॉट्सॲप टाका: "हे तुझ्याकडे ठेवायला दिलेत, वापरायला नाही." वाईट वाटलं तर वाटू दे. शिवाय मुदतीचं गणितही यावरच फिरतं. हातउसन्याचा दावा दिल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो, "मागशील तेव्हा देईन" अशी बोली असली तरीही. त्याच बोलीवर ठेव म्हणून दिलेल्या पैशांची तीन वर्षं मागितल्या दिवसापासून मोजतात. तेव्हा मागतानाही फोनवर मागू नका, लिहून मागा.