सगळं वेगळं तपासा आणि मग एकच श्रेणी द्या!

डोकं फिरलंय, स्पष्टच लिहितो. इंग्रजीचं मूल्यमापन अध्ययन निष्पत्तीनुसार, म्हणजे पोराला प्रत्यक्षात काय करता येतं त्यावरून करा, ऐकणं-बोलणं-वाचणं-लिहिणं वेगवेगळं तपासा, हे प्रत्येक प्रशिक्षणात ऐकवतात. मला ते पटतंही. आमच्या अमळनेरकडची पोरं घरी अहिराणी बोलतात, पुस्तकी मराठी शाळेत येऊन शिकतात. इंग्रजी पहिलीपासून आहे खरी, पण वर्गाबाहेर ती बोलणार कोणाशी? अशा पोराला नेमकं काय येतं, काय नाही, हे सुटं सुटं दिसलंच पाहिजे.

पण दिसू देतात का?

सहावीतला एक पोरगा. मोबाईलवर क्रिकेटची कॉमेंट्री ऐकून ऐकून असा तयार झालाय की कालची मॅच मोडक्यातोडक्या इंग्रजीत पूर्ण सांगतो. ‘सर, ही हिट सिक्स, देन क्लीन बोल्ड!’ लिहायला बसवा, ‘बिकॉज’चं स्पेलिंग दरवेळी नवं. त्याच्या शेजारी एक मुलगी. अक्षर मोत्यासारखं, ‘माय मदर’ निबंध कानामात्रेसकट पाठ. ‘व्हॉट डिड यू ईट टुडे?’ विचारलं की भिंतीकडे बघते. आता सहावीला आकारिक (सत्रभर वर्गात तपासलेलं) 50, संकलित (सत्राअखेरची परीक्षा) 50. बेरीज दोघांची 54. दोघांना क-1 श्रेणी!

अरे, मग चार कौशल्यं वेगळी तपासायला कशाला लावली भो? सगळं परत एकाच आकड्यात कालवायचं होतं तर आधीची चाचणी काय वाईट होती?

वर्णनात्मक नोंदी तर विचारूच नका. त्या खरं म्हणजे याच कामासाठी आहेत, ‘बोलतो छान, स्पेलिंग कच्चं’ हे लिहायला. पण बाजारात तयार नोंदींची पुस्तकं मिळतात आणि ग्रुपवर पीडीएफ फिरते. निम्म्या वर्गाच्या नावापुढे ‘इंग्रजीत आत्मविश्वासाने संवाद साधतो’. मुलींच्या नावापुढेसुद्धा ‘साधतो’! शिक्षकांना तरी काय बोलू, दुपारी मेसेज येतो, ‘संध्याकाळी 5 पर्यंत शीट भरून पाठवा, सर्वात तातडीचे’.

आणि सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? निष्पत्ती म्हणजे पोराला आज काय येतं ते. ऑक्टोबरात पहिलं सत्र संपतं तेव्हा इकडे कापूस वेचणी असते. पोरं आठ-आठ दिवस शेतात, चाचणी बुडते. त्यातलाच एक मार्चमध्ये स्वतः उठून प्रश्न विचारायला लागला, ‘मे आय आस्क, सर?’ म्हटलं, याची बोलण्याची नोंद बदलू. तर उत्तर आलं, ‘प्रथम सत्राची माहिती लॉक झाली आहे.’ लॉक! पोरगं पुढे गेलं, शीट तिथेच.

वर पालक येऊन विचारणार, ‘सर, मना आंडोर कितवा उना?’ (माझा मुलगा कितवा आला?) त्यांना मी आता कोणत्या तोंडाने सांगू की तो बोलण्यात वर्गात सगळ्यांच्या पुढे आहे, फक्त कागदावरच्या त्या एका श्रेणीत ते दिसतच नाही?