मॅनहाइम, व्हाया दांडिया बाजार

परागला जर्मनीतल्या नोकरीचं पत्र आलंय हे आता चहाच्या लारीवाल्या काकांनाही पाठ झालंय, तेव्हा ते पुन्हा सांगत नाही. सही करायला डिसेंबरपर्यंत मुदत आहे. त्याआधी एकदा जाऊन सगळं डोळ्यांनी बघून यायचं, एवढं त्याच्या बायकोने, स्वातीने, त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. उतरायचं कुठे आणि फिरायचं कशाने, एवढेच दोन प्रश्न होते. त्यावर शनिवारी रात्री बडोद्यात आमच्या दांडिया बाजारच्या कोपऱ्यावर चहाच्या इतक्या अडध्या रिचवल्या गेल्या की काकांनी दूध दोनदा मागवलं.

सुरुवात अर्थातच साडूने केली. साडूचं खरं नाव हेमंत. पण त्याचं प्रत्येक वाक्य ‘माझा साडू स्टुटगार्टला आहे ना’ असं सुरू होतं, त्यामुळे बायको सोडून सगळे त्याला साडूच म्हणतात. त्याने चिवड्याच्या पुड्याचा कागद उलटा केला आणि बेत मांडला. फ्रँकफुर्टला मेन स्टेशनच्या समोर फोर स्टार. विमानतळावरूनच भाड्याची गाडी. एक दिवस नोकरीचं गाव, म्हणजे ऱ्हाइन नदीच्या दोन काठांवरची मॅनहाइम आणि लुडविग्सहाफेन, उरकायचं. मग पॅरिस पाच रात्री, स्वित्झर्लंड चार. “एवढं तिकीट काढून जातोस, तर बघून घे ने. पुन्हा कोण जातंय?”

“तोच जातोय,” माधवी म्हणाली. “राहायला जातोय.”

माधवी रावपुऱ्यात बँकेत आहे आणि व्हिसाच्या फायलींना लागणारी स्टेटमेंटं काढून देता देता तिला त्या फायली तोंडपाठ झाल्यात. शिवाय धाकटा भाऊ हायडेलबर्गला शिकत होता तेव्हा ती तिकडे राहूनही आली आहे. पण ते ती सांगत नाही. साडू न गेलेल्या गावाबद्दल बोलतो, ती गेलेल्या गावाबद्दलसुद्धा विचारल्याशिवाय बोलत नाही, एवढाच काय तो फरक.

“जर्मनीत किती रात्री झाल्या?” तिने विचारलं.

“तीन.”

“म्हणजे अर्ज फ्रान्सकडे. शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपातल्या देशांत, जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. व्हिसा फ्रान्सचा, नोकरी जर्मनीची आणि फोटो स्वित्झर्लंडचे. छान आहे.”

साडू डगमगला नाही. तो कधीच डगमगत नाही, हा त्याचा एकमेव गुण. म्हणाला, बुकिंग काय, डमी लावायचं. व्हिसा निघाला की रद्द.

“रद्द करता येणारं खरं बुकिंग मिळतं, थोडं महाग पडतं. ते घे पराग. नव्वद युरो फी परत मिळत नाही, आणि खोटा कागद सापडला तर तो पुढे नोकरीच्या व्हिसालाही आडवा येईल. थोडे पैसे वाचवायला जाशील आणि नोकरी घालवशील.”

फ्रँकफुर्टच्या स्टेशनसमोरच्या हॉटेलावर मात्र अण्णा साडूच्या बाजूने होते. अण्णा प्रतापनगरहून रेल्वेतून निवृत्त झालेत. परक्या गावात स्टेशनाजवळ उतरावं हे त्यांचं जन्मभराचं मत. माधवीने फोनवर बानहोफ्सफिर्टेल काढून दाखवलं, म्हणजे तोच स्टेशनासमोरचा भाग. लाल दिव्यांची वस्ती आणि भर रस्त्यात नशा करणारे. अण्णांनी चष्मा वर करून बघितलं, फोन परत दिला आणि म्हणाले, “स्वातीला नेऊ नकोस.”

शिवाय तिकडे ‘मेसे’ म्हणजे व्यापारी जत्रा भरली की त्याच खोलीचे दर दुप्पट होतात. ऑक्टोबरात पुस्तकांची जत्रा असते. तारखा ठरवताना विमानाचे दर नंतर, जत्रांचं कॅलेंडर पहिलं. आणि मुळात फ्रँकफुर्टला राहायचंच कशाला? विमानतळाच्या पोटातच लांब पल्ल्याचं स्टेशन आहे. आयसीई या वेगवान गाडीत बसलं की अर्ध्या-पाऊण तासात मॅनहाइम.

“फक्त स्वस्तातलं तिकीट आधी काढून ठेवू नकोस,” हे मी म्हणालो. माझंही काहीतरी योगदान हवं. “ते त्याच एका गाडीला बांधलेलं असतं. विमानाला उशीर झाला तर गेलं.”

“जर्मन गाडीला उशीर झाला तर?” परागने विचारलं.

“पोचायला वीस मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असेल तर ते बंधन सुटतं. आणि उशीर होतोच. २०२४ साली त्यांच्या लांब पल्ल्याच्या गाड्या साधारण ६२ टक्केच वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर ते उशीर धरतच नाहीत.”

अण्णांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी त्यांच्या निवृत्तीच्या समारंभातही पाहिलं नव्हतं. “बासष्ट!” ते काकांना म्हणाले. “जर्मनी! बासष्ट!” मग डभोई-मियागाम लाइन आलीच. १८६२ साली गायकवाडांनी रुळांवर बैल जुंपले होते, आणि ते बैल म्हणे वेळेवर यायचे. त्याचा पुरावा अण्णांकडे आहे की नाही हे विचारायची कोणाची छाती नाही.

आता परागने पत्ता खोलला. स्वातीचा मामेभाऊ ऑफेनबाखला आहे. फुकट राहायची सोय. तो दोन दिवस रजा काढून गाडीने सगळं दाखवणार.

माधवीने कप खाली ठेवला. “तो विमानतळावर घ्यायला येईल. वहिनी पुरणपोळी करतील. तो तुला महामार्गावर पळवेल, नदीकाठ दाखवेल, आणि तू परत येऊन सांगशील की जर्मनी फार सुंदर आहे. मंत्री होडीतून विश्वामित्रीचा पूर बघून जातात, तसं होईल तुझं. अरे, पाण्यात उतर जरा.”

पाण्यात उतरायचं म्हणजे काय, तर तिने असं सांगितलं. हॉटेल घ्यायचंच नाही. लुडविग्सहाफेनमध्ये किंवा ऱ्हाइनच्या अलीकडे मॅनहाइमला, जिथे भाडं परवडेल अशा साध्या वस्तीत, स्वयंपाकघर असलेला सुसज्ज फ्लॅट घ्यायचा. जिन्यात धुण्याच्या पाळीचा कागद लावलेला असेल तर उत्तम. कंपनी बीएएसएफच्या, म्हणजे लुडविग्सहाफेनच्या त्या रसायनांच्या कारखान्याच्या, आवारात आहे ना? मग एक दिवस शिफ्टच्या वेळेला घरातून निघायचं. त्या आवारात एस-बानची, म्हणजे लोकल गाडीची, तीन स्टेशनं आहेत, नॉर्ड, मिट्टे आणि झ्यूड. आवारच दहा चौरस किलोमीटरचं, तेव्हा कुठल्या दाराने आत जायचंय हे न विचारता घर घेतलंस तर आयुष्यभर उलट्या टोकाला उतरशील. गाड्या शिफ्टच्या वेळा धरून असतात. दुपारी बारा वाजता ऐटीत जाऊन बघण्यात अर्थ नाही.

“आणि जायचं नोव्हेंबरात,” ती म्हणाली. “जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्या उजेडात कोणीही होय म्हणेल. नोव्हेंबरअखेर आठच्या सुमारास उजाडतं आणि साडेचारला अंधार. त्या अंधारात छकुलीला शाळेत सोडून बघ. आणि मध्ये एक रविवार येऊ दे. दुकानं बंद. दूध संपलं तर स्टेशनातल्या दुकानात जायचं. रविवारी दुपारी चार वाजता पाऊस पडत असताना तुला तिथे काय वाटतं, ते मला येऊन सांग.”

हे बोलणं इतकं खरं होतं की क्षणभर कोणी चिवड्याला हात घातला नाही.

मग मी मोंटूरत्सिमरची भर घातली. कारखान्यांच्या गावी बाहेरगावच्या फिटर-वेल्डरांसाठी भाड्याच्या खोल्या असतात, फ्लॅट नाही जमला तर त्या स्वस्त पडतात. यावर साडू भडकला. “सीनिअर मॅनेजर माणूस! वेल्डरांबरोबर राहणार?”

“साडू,” माधवी अगदी हळू म्हणाली, “कोयलीला रिफायनरी उभी राहत होती तेव्हा तुझे बाबा जळगावहून कशाला आले होते?”

साडूने चिवड्यातल्या मनुका निवडायला घेतल्या. बाबा वेल्डर होते, उत्तम वेल्डर होते, आणि सुरुवातीला सात जणांत एक खोली करून राहिले होते. हे आम्हाला साडूनेच कधीतरी अभिमानाने सांगितलं होतं.

गाडीचा मुद्दा मात्र त्याने सोडला नाही. ऑटोबान! वेगमर्यादा नाही! माझा साडू दोनशेने जातो!

पराग खरं म्हणजे विरघळायला लागला होता. तो अ‍ॅक्टिव्हासुद्धा तिसाच्या वर नेत नाही, पण स्वप्न ते स्वप्न. माधवीने दोन गोष्टी सांगितल्या. भारतीय लायसन्स तिकडे राहायला गेल्यावर सहा महिने चालतं, मग लेखी आणि रस्त्यावरची, दोन्ही परीक्षा नव्याने. त्याला पैसा आणि वेळ लागतो. म्हणजे सुरुवातीचे दिवस ट्रामनेच जाणार, मग बघायची ती ट्राम बघ. दुसरं, लुडविग्सहाफेनला शहरातून पुलाकडे नेणारा उंच रस्ता खराब झाला म्हणून २०१९ साली बंद केला आणि पुढच्या वर्षी त्यातला काही भाग पाडूनच टाकला. त्यानंतर कित्येक वर्षं गाडीवाल्यांचे हाल झाले.

“पडायच्या आधी बंद केला?” अण्णांनी विचारलं.

“हो.”

अण्णा काही बोलले नाहीत. २०२५ साली मही नदीवरचा गंभीरा पूल कोसळला त्या दिवशी त्यांचा पुतण्या पादऱ्याला निघाला होता, चहासाठी थांबला म्हणून वाचला. त्या विषयावर कट्टा अजून थट्टा करत नाही.

विषय बदलायला परागने तिकिटाचं विचारलं. डॉइचलँड टिकेट म्हणजे महिन्याचा पास; २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झाला, २०२६ पासून ६३. ट्राम, बस, एस-बान, साध्या गाड्या सगळं चालतं, फक्त आयसीईसारख्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत नाही. पण तो वर्गणीसारखा असतो. त्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत रद्द केला नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापलेच म्हणून समजा. “बडोद्यात बसून मॅनहाइमच्या ट्रामचे पैसे भरशील,” माधवी म्हणाली.

अण्णांना एव्हाना राहवेना. “आपले सयाजीराव महाराज १८८७ साली पहिल्यांदा युरोपला गेले. १९०६ मध्ये अमेरिकेत ग्रंथालयं बघितली, आणि १९१० मध्ये तिथून ग्रंथपाल बॉर्डन साहेबांना इथे आणलं. बघायला जावं ते असं.”

“महाराजांना धुण्याची पाळी नव्हती लागत, अण्णा. मॅनहाइमचंच उदाहरण घ्या की. बेन्झच्या बायकोचं.”

ते तिने फार रंगवून सांगितलं. १८८८ चा ऑगस्ट. नवऱ्याने मोटार बनवून ठेवलेली, पण लोक घेईनात. बर्थाबाईंनी नवऱ्याला न सांगता दोन मुलांना गाडीत घातलं आणि मॅनहाइमहून प्फोर्त्सहाइमला, शंभरेक किलोमीटर, निघाल्या. वाटेत इंधन संपलं तर वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून घेतलं. नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. आणि निघाल्या होत्या कुठे?

“कुठे?” काकांनी लारीमागून विचारलं.

“माहेरी.”

काकांनी पकड खाली ठेवून टाळी दिली. पराग म्हणाला, हे स्वातीला सांगू नका, तिचं माहेर नडियादला आहे आणि गाडीची चावी टीव्हीजवळच असते.

“हॉटेल नको, पॅरिस नको, गाडी नको,” साडू उसळून म्हणाला, “मग माणसाने जायचं कशाला? आणि बुकिंगमधलं मला कळत नाही असं कोणी म्हणू नका.”

हे वाक्य त्याने बोलायला नको होतं. कारण दीव. समुद्रासमोरची खोली म्हणून साडूने आम्हा सगळ्यांचे पैसे आधी भरायला लावले होते. समुद्र होता, न्हाणीघरात बादली उलटी घालून तिच्यावर उभं राहिलं की झरोक्यातून दिसायचा. अण्णा गुडघ्यामुळे बादलीवर चढू शकले नाहीत, ते दीव न बघताच परतले. वर आगाऊ रकमेतून उरलेले पैसे ‘हॉटेलवाला परत करणार आहे’ असं साडू अजून सांगतो.

“तो विषय वेगळा,” साडू म्हणाला. “थांबा, साडूलाच विचारू. आता तिकडे सहा वाजलेत.” आणि त्याने खरंच फोन लावला. स्पीकरवर.

आजवर त्या माणसाचा आवाज आम्ही ऐकला नव्हता. काहींना तर तो आहे की नाही याचीच शंका होती. खूप वेळाने दबक्या आवाजात उत्तर आलं, “भाऊसाहेब, मेसेज करा ना, मी ट्राममध्ये आहे. लोक बघतायत.”

“ट्राममध्ये? आणि गाडी?”

“विकली केव्हाच. पार्किंग परवडेना. बोला.”

माधवीने आकाशाकडे बघितलं. साडूने घाईघाईने स्पीकर बंद करायला बोट घातलं, ते भलत्याच बटणावर पडलं आणि आवाज आणखी मोठा झाला.

“हां, आणि भाऊसाहेब, बरं झालं फोन केलात. ते दीवच्या हॉटेलचे उरलेले पैसे मी तुमच्या खात्यात टाकायला सांगितले होते त्याला, मागच्या दिवाळीला. आले ना?”

काका लारीला धरून हसत होते. अण्णांनी तर “बासष्ट टक्के!” असं काहीतरी ओरडून साडूच्या पाठीत गुद्दा घातला, त्याचा संदर्भ अजून कोणाला लागलेला नाही. पराग डोळे पुसत दोनदा विचारत होता, अरे पण नोव्हेंबर नक्की ना, मी सोमवारी रजा टाकतो, पण साडू तोवर उठून चपला शोधायला लागला होता आणि त्याच्या एका चपलेवर माधवी पाय ठेवून बसली होती.