‘ड्रायव्हर गायब झाला’ म्हणजे नेमके काय झाले? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आपली प्रतिक्रिया बरीच तिखट आहे, पण संगणकाने दाखवलेले संदेश आपण तिच्यात जसेच्या तसे उतरवून दिले आहेत, त्यामुळे तिला नेमके उत्तर देता येते. इतर वाचकांसाठी आधी तक्रार थोडक्यात सांगतो. लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्या यंत्रणेचा गाभा, स्वतः कंपाइल करण्याविषयीच्या (मूळ कोडपासून तयार करण्याविषयीच्या) माझ्या लेखात ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ ही कमांड वापरण्याचा सल्ला होता. त्याप्रमाणे आपण कर्नल तयार केलात आणि तो सुरूही झाला. पण पेन ड्राइव्ह दिसेना आणि फोन केबलने जोडून इंटरनेट घ्यावे तर तेही मिळेना. वैतागून आपण कॉन्फिगरेशनमध्ये दिसतील तेवढे ड्रायव्हर ‘एम’चे (गरजेनुसार लोड होणारे वेगळे मॉड्यूल) ‘वाय’ (कर्नलमध्येच समाविष्ट) केलेत आणि कर्नल पुन्हा कंपाइल केलात, तर तोवर व्यवस्थित चालणारे वाय-फायही गेले. लेख अर्धवट आहे, मॉड्यूल हा प्रकारच बेभरवशाचा आहे आणि मुळात आज हा खटाटोप करायचा कशाला, असे आपले म्हणणे आहे.

पहिल्या कर्नलमध्ये जे झाले त्याचा दोष माझा आहे. ‘ही कमांड आपल्या यंत्राला लागतील तेवढेच ड्रायव्हर ठेवते’ असे मी लिहिले होते आणि ते वाक्य चुकीचे आहे. यंत्राला काय लागते हे तिला कळत नाही. ती ‘एलएसमॉड’ची यादी वाचते, म्हणजे त्या घडीला जी मॉड्यूल लोड झालेली आहेत तेवढी ठेवते आणि ज्यांची नावे यादीत नाहीत त्यांच्यावर काट मारते. आपण कमांड चालवलीत तेव्हा पेन ड्राइव्ह जोडलेला नव्हता, म्हणून ‘यूएसबी-स्टोरेज’ यादीत नव्हते. फोन जोडलेला नव्हता, म्हणून फोनचे इंटरनेट संगणकाला देणारे ‘आरएनडीआयएस-होस्ट’ही नव्हते. पेन ड्राइव्हच्या बाबतीत तर आणखी एक खोच आहे. ‘यूएसबी-स्टोरेज’ हाताने निवडले तरी फॅट पद्धतीचा ड्राइव्ह माउंट होईलच, म्हणजे त्यातल्या फाइली वापरता येतीलच, असे नाही, कारण त्यासाठी ‘व्हीफॅट’ लागते आणि ‘व्हीफॅट’ला अक्षरसंचांची छोटी मॉड्यूल लागतात; ती राहून गेली की ‘कोडपेज सीपी437 नॉट फाउंड’ असा संदेश येतो, जो वाचून ड्रायव्हरची शंकासुद्धा येत नाही.

लेखातील तो परिच्छेद मी बदलला आहे. कमांड चालवण्यापूर्वी आपल्या वापरातली प्रत्येक वस्तू एकदा जोडून, पेन ड्राइव्ह माउंट करून, फोनवरून इंटरनेट घेऊन, व्हीपीएन वापरत असाल तर तेही सुरू करून पाहावे. एवढ्याने मॉड्यूल लोड होतात आणि पुन्हा संगणक बंद होईपर्यंत सहसा यादीत राहतात. ज्यांना हे एका बैठकीत जमणार नाही त्यांनी ‘मॉडप्रोब्ड-डीबी’ हे साधन काही आठवडे चालू ठेवावे. ते लोड झालेल्या मॉड्यूलांची नोंद साठवत जाते, आणि ती साठवलेली यादी ‘एलएसमॉड’ या व्हेरिएबलमधून त्याच कमांडला देता येते.

आपल्या दुसऱ्या उपायाशी मात्र मी सहमत नाही. ड्रायव्हर ‘वाय’ केला की तो कर्नलच्या मुख्य फाइलीतच जातो, मग हरवणार कुठे, हा आपला तर्क सरळ आहे आणि ड्रायव्हरपुरता तो बरोबरही आहे. आपला वाय-फायचा ड्रायव्हर हरवलेला नव्हताच. आपणच उतरवून दिलेल्या ओळी पाहा: त्यात तो ड्रायव्हर, ‘आयडब्ल्यूएलवायफाय’, स्वतःच्या नावाने बोलतो आहे आणि ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड फेल्ड विथ एरर -2’ असे सांगतो आहे. उणे 2 म्हणजे ‘अशी फाइल नाही’. ड्रायव्हर जागेवर आहे, त्याने कार्डही ओळखले आहे, पण कार्डात चढवायचे फर्मवेअर, म्हणजे कार्डाचा स्वतःचा प्रोग्रॅम, त्याला सापडलेले नाही.

ते का सापडले नाही, याचे उत्तर वेळेच्या हिशेबात आहे. फर्मवेअरच्या फाइली आपल्या डिस्कवर ‘/लिब/फर्मवेअर’मध्ये असतात. ड्रायव्हर मॉड्यूल असतो तेव्हा तो सहसा मूळ फाइल सिस्टिम माउंट झाल्यावर लोड होतो, आणि त्या वेळी फाइल समोरच असते. ‘वाय’ केलेला ड्रायव्हर मात्र कर्नल उठता उठताच कामाला लागतो. तेव्हा डिस्क माउंट झालेली नसते, उपलब्ध असते ते फक्त इनिट्रॅमएफएस (सुरुवातीलाच मेमरीत येणारी छोटी तात्पुरती फाइल सिस्टिम), आणि त्यात वाय-फायचे फर्मवेअर नसेल तर ड्रायव्हर हात हलवत परततो. थोड्या वेळाने डिस्क माउंट झाली तरी तो आपणहून पुन्हा विचारायला येत नाही. म्हणजे मॉड्यूल हरवण्याच्या भीतीने आपण जे केलेत, त्यामुळेच चालू असलेले वाय-फाय बंद पडले.

हे निदान माझ्या शब्दावर मान्य करू नका, त्या दुसऱ्या कर्नलवर तपासून पाहा. ‘/सिस/बस/पीसीआय/ड्रायव्हर्स/आयडब्ल्यूएलवायफाय’ या डिरेक्टरीत ‘बाइंड’ नावाची फाइल आहे. तिच्यात रूट (प्रशासक) म्हणून आपल्या कार्डाचा पीसीआय पत्ता लिहिला की ड्रायव्हर त्या कार्डावर नव्याने प्रयत्न करतो. डिस्क आता माउंट झालेली असल्यामुळे माझा अंदाज बरोबर असेल तर वाय-फाय तिथल्या तिथे सुरू होईल. एक सावधगिरी: हा ड्रायव्हर फर्मवेअरच्या नव्या आवृत्तीपासून जुन्या आवृत्तीकडे एकेक नाव शोधत जातो, त्यामुळे उणे 2 च्या एक-दोन ओळी निरोगी यंत्रावरही दिसतात. पाहायची ती शेवटची ओळ; तिथे ‘लोडेड फर्मवेअर व्हर्जन’ आहे की ‘नो सुटेबल फर्मवेअर फाउंड’, यावर निकाल.

‘ड्रायव्हर गायब’ या दोन शब्दांत निरनिराळे आजार कोंबले जातात, ही लेखातली खरी उणीव आहे आणि ती आपण अचूक पकडलीत. पेन ड्राइव्हचे मॉड्यूल तयारच झालेले नव्हते; वाय-फायचे फर्मवेअर वेळेवर हाताशी नव्हते; बाहेरून दोन्ही सारखेच दिसले. याखेरीज कधी मॉड्यूल तयार झालेले असते पण ते जागेवर बसवणारी ‘मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल’ ही कमांड चालवायची राहून जाते. तेव्हा ‘यूनेम -आर’ ही कमांड चालू कर्नलचे जे नाव दाखवते त्या नावाची डिरेक्टरी ‘/लिब/मॉड्यूल्स’मध्ये मिळत नाही. (हे माझ्याकडून अजूनही होते, आणि दर वेळी मी आधी दहा मिनिटे भलत्याच गोष्टी तपासतो.) कधी मॉड्यूल जागेवर असूनही कर्नल ते नाकारतो: दुसऱ्या कर्नलसाठी तयार झालेले असेल तर ‘व्हर्जन मॅजिक’ जुळत नसल्याची तक्रार येते, आणि सिक्युअर बूट (फक्त मान्य सहीचा कोड चालू देणारी सुरक्षा) चालू असताना मॉड्यूलवर मान्य सही नसेल तर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असे उत्तर मिळते.

तपासाची सुरुवात मी ‘एलएसपीसीआय -के’ने करतो; ही कमांड प्रत्येक कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर दाखवते. कार्डाच्या ओळीखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ असे लिहिलेले असेल तर ड्रायव्हरने कार्ड ताब्यात घेतले आहे आणि पुढचा शोध ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, फर्मवेअरचा घ्यायचा. फक्त ‘कर्नल मॉड्यूल्स’ असेल तर मॉड्यूल डिस्कवर आहे पण कामाला लागलेले नाही. अशा वेळी ते ‘मॉडप्रोब’ने हाताने लोड करून पाहावे, नकाराचे कारण तिथेच किंवा ‘डीमेसेज’च्या शेवटी मिळते. दोन्ही ओळी नसतील तर बहुधा मॉड्यूल तयारच झालेले नाही किंवा नीट बसवलेले नाही. आपण दोन्ही कर्नल एकाच नावाने तयार केलेत, हेही टाळायला हवे होते. दुसऱ्या वेळी ‘मॉड्यूल्स_इन्स्टॉल’ने पहिल्याची मॉड्यूल पुसून त्याच जागी नवी ठेवली, म्हणून पहिल्या कर्नलवर परतण्याची वाट बंद झाली आणि थेट वितरणाच्या (आपण बसवलेल्या तयार लिनक्सच्या) मूळ कर्नलवर यावे लागले. कॉन्फिगरेशनमधल्या ‘लोकलव्हर्जन’मध्ये दर वेळी कर्नलच्या नावाला वेगळी शेपटी लावली की हे होत नाही.

काही ड्रायव्हर ‘वाय’ करण्यात शहाणपण आहे हे मान्य. मूळ विभाजन ज्या डिस्कवर आहे तिचा ड्रायव्हर आणि त्या विभाजनाची फाइल सिस्टिम, उदाहरणार्थ ‘एनव्हीएमई’ आणि ‘ईएक्सटी4’, ही ‘एम’ ठेवून इनिट्रॅमएफएसमध्ये घालायची राहिली तर कर्नल ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ म्हणून जागीच कोसळतो. तिथे ‘वाय’ उपयोगी पडतो, कारण त्यांना सहसा फर्मवेअर लागत नाही. वाय-फाय आणि ग्राफिक्स ही त्याची उलट टोके. त्यांना ‘वाय’ करायचेच असेल तर फर्मवेअर इनिट्रॅमएफएसमध्ये घालावे किंवा ‘कॉन्फिग_एक्स्ट्रा_फर्मवेअर’मधून कर्नलमध्येच भरावे.

खटाटोप कशाला, या प्रश्नावर फार भांडणार नाही. बहुतेकांना कर्नल स्वतः कंपाइल करण्याची गरज नसते आणि वितरणाचा कर्नल पुरतो. पण नव्या आवृत्तीत एखादी गोष्ट बिघडली आणि कोणत्या बदलामुळे बिघडली हे शोधायचे असेल, तर दुसरा मार्ग नाही. एका आवृत्तीत साधारण 10 ते 15 हजार बदल असतात. ‘गिट बायसेक्ट’ने निम्मे-निम्मे करत गेले तरी 13-14 वेळा कर्नल तयार करून सुरू करावा लागतो. वितरणाचे सगळे ड्रायव्हर प्रत्येक वेळी कंपाइल करायचे म्हटले तर यात दिवस जातात, म्हणून ‘लोकलमॉडकॉन्फिग’चा सल्ला मी मागे घेत नाही.

तिसऱ्यांदा प्रयत्न करणार असाल तर वाय-फाय पुन्हा ‘एम’ करा, फोन आणि पेन ड्राइव्ह जोडून मगच कमांड चालवा आणि नावाला नवी शेपटी लावा. त्याआधी ‘बाइंड’चा प्रयोग करून पाहिलात आणि वाय-फाय तरीही सुरू झाले नाही, तर ‘डीमेसेज’मधल्या ‘आयडब्ल्यूएलवायफाय’च्या सगळ्या ओळी येथेच द्या.