माशाला प्रवासात पाणी नव्हे, हवा कमी पडते

गणपतीच्या आणि मे महिन्याच्या सुटीत मुंबई-पुण्याहून कोकणात येणाऱ्यांच्या मोबाइलवर एक संदेश हमखास फिरतो. शोभेचा मासा गाडीतून लांब न्यायचा असेल तर पिशवी काठोकाठ पाण्याने भरावी, वाटेत उपासमार होऊ नये म्हणून निघण्यापूर्वी पोटभर खायला द्यावे, दर तासाला पिशवी उघडून हवा भरावी, उकाडा वाटल्यास पाण्यात बर्फ टाकावा आणि घरी पोचताच मासा नव्या, स्वच्छ पाण्यात सोडावा, असे त्यात सांगितलेले असते. हे लिहिणाऱ्याला माशाविषयी कळवळाच असणार. परंतु या पाचही सूचना माशाच्या जिवावर उठणाऱ्या आहेत, आणि पनवेलहून सावंतवाडीपर्यंतच्या रस्त्यावर, त्यातही सणाच्या कोंडीत, त्या सुधारायला वेळ मिळत नाही.

काठोकाठ भरलेली पिशवी ही त्यातली सर्वांत घातक सूचना आहे. मासा पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवर जगतो आणि तो साठा फार तुटपुंजा असतो. ३० अंश सेल्सिअसच्या एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन हवेतून विरघळतो. त्याच तापमानाच्या एक लिटर साध्या हवेत मात्र तो सुमारे २७० मिलिग्रॅम असतो. पिशवीतली लिटरभर हवा काढून तिथे पाणी भरले, की तेवढ्या जागेतला ऑक्सिजन पस्तीस पटींनी घटतो. शेततळ्यांसाठी मत्स्यबीज नेणारे लोक म्हणूनच पिशवीचा साधारण एक तृतीयांश भाग पाण्याने भरतात, उरलेल्या जागेत सिलिंडरमधून ऑक्सिजन सोडतात आणि तोंड घट्ट बांधतात. घरगुती माशालाही हेच प्रमाण लागू आहे. पिशवी खोक्यात आडवी ठेवली तर पाण्याचा पृष्ठभाग वाढतो आणि गाडीच्या हालचालीने हवा पाण्यात मिसळत राहते, त्यामुळे कशेडी किंवा परशुराम घाटातली वळणे बेताने घेतली तर माशाच्या श्वासाला त्यांची मदतच होते. फायटर आणि गोरामी हे मासे तर पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतात. हवेची जागाच नसलेल्या पिशवीत त्यांना कोंडणे हा निव्वळ अत्याचार आहे.

याला जोडूनच काही जण पिशवीत तोंडाने फुंकून हवा भरतात. आपल्या उच्छ्वासात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड सुमारे चार टक्के, म्हणजे बाहेरच्या हवेच्या शंभरपट असतो. सिलिंडरची सोय नसेल तर पिशवीचे तोंड मोकळ्या हवेत उघडून ती चटकन आवळून बांधावी किंवा सायकलचा स्वच्छ पंप वापरावा.

पोटभर खाऊ घालण्याची सूचना मायेपोटी आलेली आहे आणि तरीही ती चुकीची आहे. निरोगी, पूर्ण वाढलेला मासा आठवडाभर सहज उपाशी राहू शकतो. खाल्लेल्या माशाची विष्ठा आणि कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया मात्र बंद पिशवीतून कुठेच जात नाही. निघण्यापूर्वी एक ते दोन दिवस खाणे बंद ठेवावे, म्हणजे पोट रिकामे होते. (याच कारणाने, घर आठ दिवसांसाठीच बंद राहणार असेल तर निरोगी माशाला गावी आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.)

दर तासाला पिशवी उघडण्याचा सल्ला वरकरणी समजूतदार वाटतो, पण त्यामागचे रसायन वेगळेच आहे. बंद पिशवीत माशाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे याचे माप) खाली येतो. सामू ७ च्या आसपास असताना एकूण अमोनियाचा एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी रूपात असतो. सामू ८ झाला तर कोकणातल्या तापमानाला तोच भाग सुमारे पाच ते सात टक्के होतो. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड निघून जातो, सामू चढू लागतो आणि तोवर निरुपद्रवी राहिलेला अमोनिया कल्ले जाळू लागतो. शिवाय प्रत्येक वेळी भरलेला शुद्ध ऑक्सिजनही वाया जातो. नीट बांधलेली, एका माशाची एक पिशवी मुक्कामापर्यंत उघडू नये. मांजरमाशाच्या (कॅटफिश) जातीच्या काटेरी माशांसाठी दोन पिशव्या एकात एक घालाव्यात, आणि छोटे मासे कोपऱ्यात अडकू नयेत म्हणून पिशवीचे खालचे कोपरे रबराने बांधून घ्यावेत.

बर्फाविषयी एवढेच सांगणे पुरे, की थंडाव्याची गरज खरी आहे, पण तो अचानक आणि पाण्यात नको. पिशव्या थर्माकोलच्या झाकणबंद खोक्यात ठेवाव्यात; फारच उष्मा असेल तर गोठवलेली पाण्याची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्याच्या कडेला, पिशवीला न टेकता ठेवावी. खोक्यातला अंधारही माशाला शांत ठेवतो. जेवणासाठी थांबताना मात्र खोका बंद गाडीत ठेवू नये, कारण उन्हात उभ्या गाडीतले तापमान अर्ध्या तासात बाहेरच्यापेक्षा पंधरा अंशांहून अधिक वाढू शकते. तेवढ्यात थर्माकोलही हरतो.

राहिला पोचल्यावरचा प्रश्न. ‘नवे, स्वच्छ पाणी’ म्हणजे नेमके कोणते? नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, आणि जांभ्या दगडातल्या विहिरीचे पाणी काचेसारखे नितळ दिसले तरी बहुधा मृदू, म्हणजे क्षार कमी असलेले, आणि किंचित आम्लधर्मी असते. ज्या पाण्याची माशाला सवय आहे त्याहून ते फारच वेगळे असले तर त्याचे शरीर त्या बदलाशी एका क्षणात जुळवून घेऊ शकत नाही. यावर सोपा उपाय म्हणजे जुन्या टाकीचेच पाणी वीस-वीस लिटरच्या कॅनमध्ये भरून सोबत घ्यावे आणि गावी टाकी त्यानेच भरावी. फिल्टरमधला स्पंज धुवू नये. तो टाकीच्या थोड्या पाण्यात ओला ठेवून, वर हवेला जागा सोडलेल्या डब्यात आणावा, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू वाटेत मरत नाहीत. टाकी पाण्यासकट गाडीत घालणे तर टाळलेच पाहिजे, कारण दोन फुटी टाकीत पन्नास लिटरच्या आसपास, म्हणजे तितकेच किलो पाणी असते आणि ते हिंदकळले की काचेचे सांधे सुटतात.

पोचल्यावर बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी, तापमान जुळू द्यावे, मग ती उघडून, पिशवीतल्या पाण्यात तासन्‌तास रेंगाळत न ठेवता, मासा हलक्या हाताने जाळीत घेऊन टाकीत सोडावा. पिशवीचे पाणी टाकीत ओतू नये आणि वहाळातही नको. झाडाच्या आळ्यात ते चालते. त्या रात्री टाकीवरचा दिवा बंद ठेवावा, खाणे दुसऱ्या दिवशी द्यावे आणि तेही चिमूटभरच.