आधी प्रत्येक ड्रम तपासा

‘नियम कडक केले तर छोटे कारखाने बंद पडतील, गरिबाचं औषध महाग होईल.’ सुधारित शेड्यूल एम (औषध कारखान्यांसाठीचे उत्पादन-दर्जाचे नियम) लागू करायला छोट्या उत्पादकांनी मुदतवाढ मागितली ती याच मुद्द्यावर, आणि ती ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत मिळालीही. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात २०२५ साली खोकल्याच्या औषधाने मुलं दगावली तेव्हा ही वाढीव मुदत चालूच होती. तरी भारतातल्या चर्चेत तेच वाक्य पुन्हा ऐकू येतं, आणि इथे ब्रिटनमध्ये वाचताना संताप होतो.

‘कोल्ड्रिफ’ या त्या सिरपच्या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के निघालं. मर्यादा ०.१ टक्का. वीसहून अधिक मुलं गेली. त्यातली कित्येक उपचारांसाठी नागपूरला आणलेली होती. पॅरासिटामॉल पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून सिरपमध्ये प्रोपिलीन ग्लायकॉल घालतात. औषधी दर्जाचं महाग, औद्योगिक दर्जाचं स्वस्त, आणि दिसायला दोन्ही सारखीच: रंगहीन, दाटसर. स्वस्त मालातून डायएथिलीन ग्लायकॉल सिरपमध्ये येऊ शकतं. मुलाची लघवी बंद होते तेव्हा मूत्रपिंडं निकामी झालेली असतात. पुरवठादाराच्या सर्टिफिकेटवर किंवा एका ड्रमच्या नमुन्यावर विसंबून चालत नाही. प्रत्येक ड्रममधला नमुना गॅस क्रोमॅटोग्राफीने (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीने) तपासायला हवा. ते यंत्र नसेल तर प्राथमिक छाननीपुरती टीएलसी (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी ही साधी चाचणी) छोट्या कारखान्यालाही परवडते. मग महागाईचा मुद्दा उरतो कुठे?

मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात १९८६ साली ग्लिसरीनमधून हेच विष पोटात जाऊन १४ रुग्ण दगावले. त्याची चौकशी करणाऱ्या लेंटिन आयोगाने सगळं मांडून ठेवलं होतं.

सगळ्यात जास्त बोचतं ते वेगळंच. गाम्बियात २०२२ साली भारतात बनलेल्या खोकल्याच्या औषधाने मुलं गेल्यावर भारत सरकारने १ जून २०२३ पासून निर्यातीच्या खोकल्याच्या औषधाला सरकारमान्य प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र सक्तीचं केलं. देशात विकल्या जाणाऱ्या बाटलीला ही सक्ती नव्हती. म्हणजे करता येतं. परक्यांच्या मुलांसाठी केलंच की. बाहेर राहणाऱ्याने यात का बोलावं, असं विचारतात. आमची भाचरं तिथलीच बाटली पितात, म्हणून.

क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन (कोल्ड्रिफमध्येही असलेली जोडी) यांची सर्दी-खोकल्याची औषधं इथे २००९ पासून सहा वर्षांखालच्या मुलांना द्यायची नाहीत. आपल्याकडे या जोडीला चार वर्षांची अट २०२३ च्या डिसेंबरात आली, तीही लेबलावरच्या सूचनेपुरती.

आणि बॅच परत मागवायची तर ती कुणाच्या घरात आहे ते कळायला हवं. इथे क्लास वन अलर्ट (सर्वात गंभीर धोक्याचा इशारा) निघाला की पेशंट घरचा डबा पाहतो, कारण डब्यावर बॅच असते. आपल्याकडे पट्टी कापून चार गोळ्या दिल्या की बॅच नंबर बहुधा दुकानातल्या तुकड्यावरच राहतो, आणि बिल कुणी मागत नाही. बॅच नंबर आणि पेशंटचा फोन नंबर असलेल्या बिलाशिवाय लहान मुलांचं एकही औषध विकता येणार नाही, असं कलम नव्या औषध कायद्यात हवं.