पुणे-महाबळेश्वर सायकलवर: पोट सुटलेल्यांसाठी खास मार्गदर्शन

सगळ्यात आधी ग्रुपवर टाकून द्या, "येत्या रविवारी महाबळेश्वर, सायकलवर." सराव नंतर बघू, किंवा नाहीच बघू, कारण कॉलेजात असताना तुम्ही मित्राला डबलसीट घेऊन पर्वतीपर्यंत जायचात, ते पाय अजून तेच आहेत, वरचं सामान तेवढं वाढलंय. शिवाय १२० किलोमीटर म्हणजे गाडीने तीन तास, त्यात पण अर्धा तास चहाचा.

खर्चात मात्र हात आखडू नका. कार्बन फ्रेमच घ्या, तेवढीच सायकल हलकी. पोटावरचे आठ-दहा किलो राहू देत, ते घरचे आहेत. पॅडवाली शॉर्ट घ्या आणि आत रोजची चड्डी घालाच. दुकानदार सांगेल की आत काही घालायचं नसतं, पण आपल्यावर संस्कार आहेत. शिवण नेमकी कुठे रुतते ते शिरवळपर्यंत समजतंच.

सुरुवात एकदम जोरात करायची. कात्रजच्या बोगद्यापर्यंत कुणाला पुढे जाऊ द्यायचं नाही. अशी दामटली की पायातलं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंतली साठवलेली साखर, दीड-दोन तासांत संपत येतं, म्हणून ते किडकिडीत अनुभवी लोक भूक नसताना पण सारखे केळी नाहीतर खजूर चघळत असतात, बघवत नाही. तुम्ही कापूरहोळला नीट बसून मिसळ हाणा, तर्री मारके, आणि ती जिरायच्या आत खंबाटकीला लागा. घाटात मिसळ स्वतःहून विषय काढते. तिथे लहान गिअर टाकू नका, लोक काय म्हणतील! गुडघे दोन आहेत. मागून ट्रक येईल, क्लीनर खिडकीतून विचारेल, "काका, ढकलू का?" तेव्हा फक्त हसायचं, बोलायला श्वास नसतोच.

पण खरी मजा वाईच्या पुढे. वाई साधारण ७०० मीटरवर आणि पाचगणी जवळजवळ १३०० वर, आणि मधे पसरणी घाट, दहा-बारा किलोमीटर नुसता चढ, आणि तोही दुपारी बाराच्या उन्हात, कारण पहाटे साडेचारला निघायचं ठरवून तुम्ही सातला निघालेले असता. पोटरीत गोळा आला की कठड्याला सायकल टेकवून धोम धरणाकडे बघत उभं राहा. कुणी विचारलं तर "व्ह्यू बघतोय". पुढच्या वळणावर परत व्ह्यू. मग प्रत्येक वळणावर व्ह्यू.

एवढ्यात एखादा रिकामा टेम्पो वर जाताना दिसेल. लाजू नका, हात करा, सायकल मागे टाका आणि ड्रायव्हरशेजारी बसा. फक्त बसायच्या आधी आठवणीने स्ट्राव्हा, म्हणजे राइड नोंदवणारं मोबाईलचं ॲप, बंद करा, नाहीतर पसरणी घाट तुम्ही ताशी ४० च्या स्पीडने चढलात असं दिसेल, आणि पुढच्या रविवारी ग्रुपवाले तुम्हालाच लीडर करतील.