हा गेम आहे की पंख्याची चाचणी?

लॅपटॉपवर गेम अजून लोडही झालेला नसतो आणि त्याचा पंखा सुरू! घूंऽऽऽ! हेडफोन लावा, आवाज शंभरवर न्या, तरी शत्रूच्या पावलांआधी पंखाच ऐकू येतो. पलीकडून मित्र विचारतो, "विमानतळावरून खेळतोयस का?"

थोड्याच वेळात प्रोसेसर ९५ अंशांवर. कीबोर्डवर बोटं ठेवायची की शेकायची? मग थर्मल थ्रॉटलिंग. चिप जळू नये म्हणून साहेब स्वतःच वेग कमी करतात, तेही नेमकं गोळी झाडायच्या क्षणी. फ्रेम्स, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, गडगडतात, मी मरतो, पंखा मात्र जिवंत!

आणि सल्ले? कूलिंग पॅड घ्या. फ्रेम्स ६० वर लॉक करा. प्रोसेसरचा वेग तात्पुरता वाढवणारा टर्बो बूस्ट बंद करा. अहो, मग तो वेग जाहिरातीत मिरवलात कशाला? हवा ओढणारी जाळी बुडाशी आणि खाली नखाएवढे रबरी पाय. श्वास घ्यायचा कुठून त्यानं? पण नाही, लॅपटॉप बारीकच हवा! चिप दांडगी, जाडी शून्य, उष्णता आमच्या तळहातांना.

बरं, चार्जर काढला की पंखा खरंच शांत होतो. कारण मग गेमही रांगतच चालतो.